टोपीमागची जागा

बाबा,

मी ग्लेनिस आत्याबरोबर शोरूमला गेलेय, गाडी पक्की करायला. एकदा पक्की केली की अपंगांसाठीच्या सरकारी योजनेची तीच गाडी पुढची तीन वर्षं दारात राहणार, म्हणून नीट विचार केलाय.

तुला ती उंच, रॅम्पवाली हवी आहे, माहीत आहे. मला आत्तासारखंच चाकांच्या खुर्चीसकट मागे ढकललं की झालं. पण बाबा, मागून मला फक्त तुझी टोपी दिसते. चॅपल, दवाखाना, समुद्र, सगळीकडे मी तुझी टोपी बघत गेलेय.

मी ती छोटी पिवळी घेतेय, हाताने चालवायची. दांडा ढकलला की ब्रेक, ओढला की वेग. खुर्ची आपोआप टपावरच्या पेटीत चढते, म्हणजे तुझी कंबरही वाचली.

परवा मी ती चालवून बघताना तू शेजारी बसून रस्ताभर पायाने नसलेला ब्रेक दाबत होतास. आणि शोरूममधला तो विक्रेता सारखा तुलाच विचारत होता, ‘हिला कोणता रंग आवडेल?’ तेव्हा तू म्हणालास, ‘तिलाच विचारा. पाय चालत नसले तरी तोंड झकास चालतं तिचं.’ तिथेच माझं ठरलं.

दुसरा चालक म्हणून तुझं नाव देतेय. लीकच्या पातीचं सूप पातेल्यात आहे, भाजीच्या वाफ्यांवरून आलास की आधी बूट काढ. उशीर झाला तर फोनवर फोन करू नकोस.

रविवारी चॅपलला मी नेईन. टोपी खुशाल घाल. या वेळी तिच्याखालचा चेहराही दिसेल.

नेरिस