सुतकात झाकून ठेवलेल्या पेट्या

ती. मामंजी यांना,
सुमनचा शिरसाष्टांग नमस्कार.

वर ‘तीर्थरूप’ लिहावं की आणखी काही, यातच बराच वेळ गेला. गेलेल्या माणसाला काय लिहितात ते सातवीपर्यंतच्या शाळेत कुणी शिकवलं नाही. शेवटी नेहमीचंच लिहिलं. चुकलं असेल तर समजून घ्या.

आज सकाळी जांभळीखालची मधपेटी उघडली. आत एक माशी नव्हती. पोळी जागच्या जागी, आणि कोपऱ्यात मुंग्या लागलेल्या. ही तिसरी पेटी. तुमच्या पाचांतल्या आता दोनच राहिल्या. तुमच्या लेकाला पलटणीत हे कळवायचा धीर होत नाही. आत्याबाईंच्या डोळ्याला डोळा देता येत नाही. राहिलात तुम्ही. तुम्ही मला कधी रागावला नाहीत, आताही रागावणार नाही, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

मी सांगलीच्या हळदपेठेतली पोर. माशी दिसली की पदर तोंडावर घेऊन पळणारी. मला पेटीपाशी तुम्ही नेलंत. आठवतं का, एकदा मी बाजूला बसले होते, चार दिवस कशाला शिवायचं नव्हतं, आणि तुम्ही हाक मारलीत, “सुमे, ये, राणी दावतो.” आत्याबाई सासूच्या तोऱ्यात ओरडल्या, “आवं, त्यो मध सिद्धनाथाला जातोय, तिचा हात कशाला लावताय?” तुम्ही झाकण उचलता उचलता म्हणालात, “पेटीत राबनाऱ्या समद्या बायाच हायत. त्यास्नी कसला आलाय इटाळ?” मी लाजेनं मेले होते. पण गेले. दरसाल म्हसवडला सिद्धनाथाच्या अभिषेकाला जाणाऱ्या मधात त्या दिवसापासून माझाही हात आला. सबंध गावात असा सासरा कुणाला होता?

आणि अशा माणसाचं मी सुतक पाळलं.

तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी मळ्यातल्या पेट्यांसमोर माश्या सरपटताना दिसल्या. पंख चुरगळलेले, उडता येत नव्हतं. तांबडी गोचडी लागली हे मला तिथंच कळलं. मोहरीहूनही बारीक असते, पण अळीच्या अंगाला चिकटते आणि माशी अधूच जन्मते, हे तुम्हीच दाखवलं होतंत. घरात भेटायला आलेल्या बायका बसल्या होत्या. आत्याबाई भिंतीला टेकून होत्या, डोळे सुजलेले. मला बघून त्यांनी विचारलं, “पेट्या बगितल्यास का गं?”

बघा मामंजी, त्यांनी विचारलं. मला कुणी अडवलं नव्हतं. पुढं जे झालं ते माझ्याच तोंडून झालं. मी म्हणाले, “आत्याबाई, सुतक हाय की. देवाचा मध त्यो. मी न्हाई हात लावत.”

थोरल्या काकू शेजारणीला म्हणाल्या, “सून लय आचाराची हाय गं.” आणि खरं सांगते, मला ते ऐकून बरं वाटलं. तुम्ही नुकतेच गेलेले, मळ्यात तुमच्या माश्या मातीत सरपटत होत्या, आणि मी शहाणी ठरले म्हणून आतून सुखावले होते. हे लिहितानाही कान तापलेत.

त्या सगळ्या दिवसांत हवा कशी होती म्हणून सांगू? आभाळ भरलेलं, ऊन मऊ, वारा बेताचा. ओव्याचं फूल ठेवायला तुम्ही अशाच हवेची वाट बघायचा. ओव्याच्या अर्काचे कापराएवढे ते खडे फडक्यात बांधून चौकटींवर ठेवायचे, वास हळूहळू पसरतो आणि गोचडी गळून पडते. ऊन कडक असलं तर मात्र फूल नको, वास एकदम उठतो आणि माशी पेटी सोडून जाते. तेव्हा गंधकाची पूड भुरभुरायची. आणि वळीव येणार असला तर गंधकही नको, दमट झालं की त्याच्या गुठळ्या होतात. एवढं सगळं मला पाठ होतं, आणि मी चांगली हवा दारात बसून घालवली.

तेरावं झालं आणि त्यानंतर मी पेट्या उघडल्या. सकाळी आभाळ होतं. रेडिओवरही वळवाचं सांगितलं होतं. मी फूल ठेवलं आणि धुणं घेऊन ओढ्यावर गेले. दुपारी आभाळ असं फाकलं की पायाला चटके बसायला लागले. धावत आले तोवर करंजाखालची पेटी उठली होती. सगळ्या माश्या आभाळात गरगरत होत्या आणि माझ्या डोळ्यांदेखत माळाकडं गेल्या. बाकीच्या पेट्यांतली फडकी मी तशीच हातानं ओढून काढली, चावे बसले, त्याचं काही नाही. दुसऱ्या दिवशी आणखी एक गेली. आजची तर गोचडीनं आधीच खचलेली होती.

मग तुमच्यावर चिडले. सगळं शिकवलंत, पण आभाळ कसं वाचायचं तेवढं शिकवलं नाहीत! तुम्ही “बगू” म्हणायचा आणि उठून एक पुडी उचलायचा, फुलाची नाहीतर गंधकाची. रहिमतपूरला आत्तारचाचांच्या दुकानात औषधाच्या पुड्या आणायला गेले तेव्हा तेच गाऱ्हाणं सांगितलं. चाचा हसले. म्हणाले, “त्याला तरी कुठं कळत हुतं, पोरी? दरसाल दोनी पुड्या न्यायचा, एक परत आनून द्यायचा. चुकला की सांजच्याला येऊन शिव्या द्यायचा. मला न्हाई, आभाळाला.”

तेव्हा मला ती जेवणं आठवली. औषध ठेवलं की त्या दिवशी तुम्ही घरी जेवायला यायचा नाही. भाकरी मळ्यात मागवायचा. उन्हातान्हात डोक्यावर पाटी घेऊन येताना मी पुटपुटायची, की झाडाखाली लोळायला निमित्तच हवं असतं यांना. तुम्ही पेटीपाशी बसून राहायचा मामंजी, वास चढला तर फडकं काढायला. मी धुणं धुवायला गेले.

तरी औषध चुकल्याची मला फारशी लाज नाही. ते तुमच्याकडूनही चुकायचं. लाज आहे ती आता गावात जे चाललंय त्याची. लोक म्हणतात, मालकामागं माश्या गेल्या. मुकं जनावर असून माया केवढी! थोरल्या काकूंनी काल रिकाम्या पेटीला हळदकुंकू वाहिलं. मी शेजारी उभी होते आणि पदरानं डोळे पुसत होते. आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. त्यांना सगळं माहीत आहे, पण त्यांनी मला उघडं पाडलं नाही. त्यांचं ते बघणं सोसत नाही.

उद्या तुमचं महिन्याचं जेवण. त्याच बायका येतील. आणि मी आज दुपारपासून बाजूला बसले आहे, म्हणजे उद्या चुलीला, पाण्याला शिवायचं नाही. दिवसभर हात मोकळे. मघाशी इथूनच आत्याबाईंना म्हणाले, “उद्या पेट्या उघडायच्या हायत, धुराला शेण्या लागतील.”  थोड्या वेळानं त्या ओच्यात शेण्या घेऊन स्वतःच मळ्याकडं गेल्या.

तर मामंजी, हा शब्द घ्या. दोन्ही पुड्या घरात आहेत. कुठली घालायची ते सकाळी ठरवीन, आणि दिवस मावळेपर्यंत पेट्यांजवळून हलणार नाही. बायका कावळ्याला तुमचा घास ठेवायला मळ्यात आल्या की उठून सांगेन, माश्या मामंजींच्या मागं गेल्या नाहीत, माझ्यामुळं गेल्या. मग त्या मला काय म्हणायचं ते म्हणोत.

तुमची सून,
सुमन