सुतळीवरचं घरटं

गुंजवणे, २ मार्च १९३४
सौ. माहेरी महाडला जाऊन आज तेरा दिवस. होळी एकट्यानं केली, म्हणजे शेजारच्या पारूमावशींनी पाठवलेली पोळी खाल्ली, झालं. पत्र नाही. टपालवाला मंगळवारी नि शनिवारी येतो हे ठाऊक असून मी शुक्रवारी वाट पाहतो. ('पत्र नाही' हे दर खेपेस लिहायचं जिवावर येतं. यापुढं प. ना.)
जाईचा वेल चढावा म्हणून तिनं पडवीत सुतळी बांधली होती. वेल वाळला, सुतळी राहिली. तिच्या टोकाला शिंजिराची जोडी आठवडाभर काहीतरी चिकटवते आहे; गेल्या मंगळवारी सौ.ला कळवलंही. कोळ्याची जाळी, सालपटं, कापूस. पक्षी अंगठ्याएवढे. काम सगळं मादीचं. नर निळाकाळा, झगझगीत, कुंपणावर बसून नुसता ओरडतो. ओळखीचा वाटला.

३ मार्च
शनिवार. प. ना.

६ मार्च
पत्र आलं! शाळेत मुलांना उजळणी म्हणायला लावून तिथंच वाचलं.
'मोगऱ्याला पाणी घालता ना? पहिली कळी उमलली की त्याच दिवशी कळवा. घरट्याचंही सगळं लिहा, काही गाळू नका.'
मोगरा गळक्या घागरीत लावलेला, न्हाणीपाशी. पाणी घालतो. दोन दिवस विसरलो होतो, आज दुप्पट घातलं.
गेल्या खेपेस पाचव्या महिन्यात गेलं ते इथंच, याच घरात. त्यावर आम्ही दोघंही बोलत नाही. म्हणून या खेपेस सातव्यातच तिचा भाऊ न्यायला आला. निघताना उंबऱ्याला हात लावला, तो बराच वेळ काढला नाही तिनं. मी आपला गाडीवानाशी वरंध्याच्या रस्त्याविषयी बोलत उभा.

१० मार्च
प. ना. घरटं पुरं झालं. दाराला वर छोटीशी पडवीसुद्धा आहे. तिचा हातआरसा काठीला बांधून आत डोकावलो. अंधुक दिसलं. दोन अंडी! आरशाच्या कडेला तिच्या कुंकवाचा डाग आहे. पुसला नाही.
दोन पानं लिहिली तिला. अंड्यांचा रंग, ठिपके, सगळं. घरट्याला धक्का नको म्हणून धोतर आता कुंपणावर वाळतं, हेही.

१६ मार्च
पाडवा. गुढी उभारली, तिचंच जरीचं लुगडं लावलं. संध्याकाळी उतरवताना वास आला तिच्या ट्रंकेचा. घडी करता येईना नीट.
शाळेमागचा पांगारा लालभडक, पान एक नाही. साळुंक्यांचा नुसता बाजार भरलाय त्यावर. ती असती तर मुलांसारखी पाहत उभी राहिली असती आणि दूध उतू गेलं असतं. मी रागावलो असतो. कशाला रागावायचो कोण जाणे.
फार आठवण येते. लिहून टाकलं एकदाचं.

२४ मार्च
पिलं बाहेर आली! दोन. नर आता खाऊ घालायला लागला. (मला आशा आहे तर.)
पत्रही आलं. 'आई म्हणते, चैत्र सरता सरता. तिची पिलं आधी उडतात की मी आधी मोकळी होते, पाहू. तुम्ही कुणाच्या बाजूचे?'
मी दोघींच्या बाजूचा, असं लिहिलं. मुलांना अंधश्रद्धेवर निबंध घालणारा मास्तर मी. पण शाळेतून आलो की आधी सुतळीकडं पाहतो आणि मग जोडे काढतो.

३१ मार्च
सकाळचं सकाळीच लिहितो. शाळेला निघता निघता कुंपणावर भारद्वाज. तांबडे पंख, लाल डोळे, 'ऊप ऊप' करत अगदी अंगणात उतरला. पारूमावशी दूध घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "मास्तर, त्यो मेला आला बगा. माजी दोन पिल्लं न्हेलीत त्यानं. हाणू का धोंडा?"
मी म्हटलं, "राहू द्या हो मावशी, भारद्वाज आहे. शकुन असतो."
"शकुन तुमचा. कोंबड्या माज्या."
पण धोंडा टाकला त्यांनी खाली. मी घाईनं कार्ड लिहिलं: 'आज सकाळी भारद्वाज दारात आला. सगळं चांगलं होणार.' टपालवाल्याला शाळेत देईन.

दुपारी
घरटं मधोमध फाटलेलं. आत काही नाही. खाली कापूस आणि एक तांबूस पीस. शिंजिराचं नव्हे.
कार्ड देऊन बसलो होतो.

१ एप्रिल
मादी किडा तोंडात धरून येते, फाटक्या घरट्यापाशी फडफडते, परत जाते. दिवसभर. मावशी दूध ठेवून परत गेल्या. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.
धोंडा त्यांच्या हातात होता. मी टाकायला लावला.

३ एप्रिल
प. ना. तिला लिहिलं, 'पिलं उडाली, दोन्ही.' काय लिहिणार दुसरं? या दिवसांत? टपालवाला नदीपार होईपर्यंत पाहत होतो. हाक मारून परत बोलवावं असं दोनदा वाटलं.

७ एप्रिल
प. ना. जोडी पुन्हा आली. त्याच सुतळीला, वीतभर वर, जाळी चिकटवते आहे. इतकं होऊन! मला त्या मादीसमोर जायची लाज वाटते.
मोगऱ्याला बारीक कळ्या.

१० एप्रिल
पत्र आलं. इथं उतरून ठेवतो, म्हणजे पुन्हा असा वागणार नाही.
'पिलं उडाली म्हणता, पण आधी कुठलं उडालं, कुठं जाऊन बसलं, काहीच नाही. अंड्यांना दोन पानं आणि उडण्याला दोन शब्द? काय झालं ते खरं लिहा. गेल्या खेपेसही तुम्ही मला "सगळं ठीक आहे" म्हणाला होता, आणि मी एकटीच ओळखून बसले होते. त्याचाच त्रास जास्त झाला.'
टपालवाल्याला ओट्यावर बसवलं, गूळपाणी दिलं आणि मांडीवर पाटी घेऊन लिहिलं. सगळं. भारद्वाज, धोंडा, मी काय म्हणालो ते. मादी पुन्हा बांधते आहे तेही. शेवटी लिहिलं, 'मला भीती वाटते आहे, म्हणून खोटं लिहिलं.' लग्नाला सहा वर्षं झाली, हे वाक्य पहिल्यांदा लिहिलं.

१४ एप्रिल
प. ना. इतक्यात यायचंच नाही म्हणा.

१७ एप्रिल
प. ना. आज यायला हवं होतं. चैत्र संपला.
माझं पत्र तिला कधी मिळालं असेल? आधी की नंतर? की ऐन वेळी? लिहायला नको होतं. नाही, लिहायलाच हवं होतं.
मावशी म्हणाल्या, "जावा की मास्तर महाडाला, हितं काय राखताय?" म्हटलं, बोलावणं आल्याशिवाय जावयानं अशा वेळी जाऊ नये. आणि वाटेत पत्र चुकलं म्हणजे? मावशी म्हणाल्या, "तुमचं शिकल्याल्यांचं लई अवघड असतंय बाबा."

१९ एप्रिल
नव्या घरट्यात एक अंडं. आजपासून शाळेला सुटी.

२१ एप्रिल
शनिवार. पिशवी भरून ठेवली आहे. आज पत्र आलं नाही तर बोलावणं गेलं खड्ड्यात, उद्या पहाटे वरंध्याच्या वाटेला लागायचं. घरटं मावशी सांभाळणार आहेत.
मोगऱ्याची पहिली कळी उमलली. त्याच दिवशी कळवायचं ठरलं होतं. कार्ड काढलं, 'आज मोगरा' एवढं लिहिलं. ते तसंच पिशवीत ठेवलं. फूल तोडलं नाही.
इतक्यात कुंपणातून 'ऊप ऊप'. तोच तो. मावशी धोंडा उचलून माझ्याकडं पाहत उभ्या. "मास्तर, आज टपालाचा दिस. शकुन म्हनून ऱ्हाऊ द्यायचा, का हाणायचा? तुमीच सांगा."
त्याला हाकलायला धीर होत नाही आणि अंडं त्याच्या हवाली करवत नाही. आत गेलो, आरशाची काठी आणली आणि सुतळीखाली येऊन उभा राहिलो.
"असू द्या त्याला तिथं," म्हटलं. "मी इथं आहे."
मावशींनी धोंडा खाली ठेवला आणि पायरीवर बसल्या.
मादी आत बसली आहे, चोच तेवढी दिसते. भारद्वाज कुंपणावरच आहे. टपालवाला नदीत उतरला, पिशवी डोक्यावर धरली आहे त्यानं. मी काठी काखेत धरून हे उभ्यानंच लिहितो आहे.