चौथ्या साहेबांचे सात महिने

७ जानेवारी २००१
प्रधान साहेब आज तिसऱ्यांदा येऊन गेले. निवृत्त होऊन गंगापूर रोडला बंगला बांधलाय. आपला देश आणि तिकडचा देश यांच्यामध्ये पहिल्या पंचवीस वर्षांत जेवढे राजदूत झाले त्यांचा इतिहास लिहिताहेत, पुस्तक छपाईला जायच्या बेतात. हे तीच पंचवीस वर्षं तिकडं राजदूतांच्या बंगल्यावर आचारी होते, म्हणून पंचवटीत आमच्याकडं खेपा. (देशाचं नाव मी वहीत कधीच लिहिलं नाही. ‘तिकडं’ म्हटलं की घरात सगळ्यांना कळतं. दोन विमानं बदलायची, आपल्याकडं थंडी तेव्हा तिकडं उन्हाळा.)

प्रधान यांना ‘दत्तू’ म्हणतात. यांचं वय सहासष्ट. प्रधान तिकडं नोकरीला लागले तेव्हा कोवळे होते, साहेबांच्या हाताखालचे. यांच्या हातचा वरणभात खाऊन अंग धरलं. तरी दत्तू!

आणि हे! अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, उजवा हात लुळा, पाय ओढत चालायचं. तरी साहेब खुर्चीत आणि हे भिंतीला टेकून उभे. चार वेळा म्हटलं, बसा. “राहू दे गं.” माझंच डोकं तडकलं. चहात साखर घालायची विसरले. विसरले म्हणजे…

१४ जानेवारी
संक्रांत. सुवासिनींची ये-जा, त्यातच प्रधान. त्यांना प्रत्येक साहेब कधी आला, कधी गेला ते हवं होतं. दिल्लीच्या कागदांत म्हणे घोळ. हे म्हणाले, “तारखा हिला विचारा.”

मला पाठ आहेत. न राहून काय करतील? बंगल्यावरच्या आचाऱ्याला घरी यायला मिळे ते एक साहेब गेला आणि दुसरा यायचा, त्या मधल्या खाड्यात. बंगला रिकामा, चूल बंद, मग सुटी. एरवी कोणी मेलं तरी नाही. पहिले साहेब गेले त्या खाड्यात आमचं लग्न, पुढं नऊ महिन्यांनी सुलभा. दुसरे गेले त्या खाड्यात हे आले, मग अविनाश. माझ्या पोरांची वयं म्हणजेच त्यांचा इतिहास.

प्रधान खदाखदा हसले. “म्हणजे वहिनी, तुमचं कुटुंबनियोजन परराष्ट्र खात्यानंच केलं म्हणायचं!”
हसण्यासारखं काय होतं देव जाणे. सासूबाईंना दोन वेळा बाळंतपणात माझ्याजवळ बसावं लागलं, यांना नाही.

जुन्या वह्या काढून यादी उतरवून दिली. आठ साहेब. अकरा फोटोही दिले. “पुस्तकात दत्तूचं नाव येणारच,” म्हणाले. तिळगूळ घेऊन गेले.

१८ फेब्रुवारी
प्रकाशन झालं. यांना धोतर-कोट घालून नेलं, सुलभा मुद्दाम येवल्याहून आली. रिक्षातून उतरवायला दोन माणसं लागली. आम्हाला नवव्या रांगेत बसवलं. भाषणांत ‘दोन देशांमधला सेतू’ किती वेळा आलं ते मोजायचं सोडून दिलं. यांचं नाव एकदाही नाही.

पुस्तक घरी येऊन पाहिलं. गुळगुळीत कागद, जाडजूड. आमच्या अकरा फोटोंपैकी सात छापलेत. एकात यांचा हात आहे. मनगटापर्यंत, ताटासकट. बाकीचे हे कापून टाकले. त्याच फोटोखाली साहेब, बाईसाहेब आणि त्यांच्या कुत्र्याचं नाव. कुत्र्याचं!

सुलभा म्हणाली, “आई, आवाज हळू. बाबा जागे आहेत.”
जागे असू देत.

१९ फेब्रुवारी
काकड आरतीहून आल्यावर शांतपणे पुन्हा वाचलं. शेवटी राजदूतांची यादी आहे. सात नावं. मी आठ दिली होती.

चौथे साहेब नाहीत. राघवाचारी. तिसरे आणि पाचवे यांच्यामध्ये छापलंय : ‘पद रिक्त, सात महिने.’

रिक्त! अहो, पद रिक्त असतं तर बंगला रिकामा असता, आणि बंगला रिकामा असता तर हे सात महिने घरी असते! त्या वर्षी खाडा पडलाच नाही. तिसरे साहेब गेले त्याच आठवड्यात राघवाचारी हजर. मी इकडं यांच्यासाठी गोधडी शिवून ठेवलेली, अवि तीन वर्षांचा होत आलेला, बापाला फोटोत ओळखायचा. यांचं पत्र आलं, ‘नवे साहेब लगेच आले, सुटी नाही.’ मी देवापुढं बसून त्या माणसाला शिव्या दिल्या होत्या. कधी न पाहिलेल्या. त्या शिव्या काय रिकाम्या खुर्चीला दिल्या मी?

यांना वाचून दाखवलं. हे दुपारी जेवले नाहीत.

२१ फेब्रुवारी
महाशिवरात्र. उपास. यांनी आज जे सांगितलं ते जसं आठवतं तसं लिहून ठेवते.

अविला मेंदूज्वर झाला होता तेव्हाची गोष्ट. मी तार केली होती. तार पोचली त्या दिवशी बंगल्यावर चाळीस पानांचं जेवण होतं, दिल्लीहून कोणी मोठे पाहुणे आलेले. हे तार खिशात घालून कणीक मळत बसले. सुटीचा नियम माहीत होता, सांगून उपयोग काय. राघवाचारी साहेब संध्या आटोपून पाणी मागायला स्वयंपाकघरात आले. यांचा चेहरा बघून विचारलं. तार वाचली.

“म्हणाले, दत्तात्रय, हात धू. संध्याकाळचं विमान आहे.”
“आणि जेवण?” मी विचारलं.
“तेच मी म्हटलं त्यांना. म्हणाले, चाळीस माणसं एक दिवस हॉटेलचं खातील. पोराला बाप एकच आहे.”

हे आले. तीन आठवडे राहिले. अविला खांद्यावर घेऊन हॉस्पिटलात येरझाऱ्या घातलेल्या मला आठवतात. हे कसे आले ते मी तेव्हा विचारलंच नाही. अंबाबाईनं पाठवलं, एवढंच मनात होतं.

तिकडं हॉटेलचं जेवण उशिरा आलं, थंड आलं, एका पाहुण्याच्या पानात मांस गेलं. पाहुणे रागावून उठले. हे परत पोचले तेव्हा राघवाचारी सामान बांधत होते. दिल्लीनं परत बोलावलं होतं. कारण लिहिलं प्रकृतीचं.

“माझ्यामुळं गेले ते,” हे म्हणाले. “तीस वर्षं झाली, कोणाला बोललो नाही.”

मला बोलला नाहीत? मला? एवढी पत्रं लिहिलीत, भाज्यांचे भाव लिहिलेत, हे नाही?
“तू अविला सांगितलं असतंस. पोरावर ओझं कशाला.”

मग मी विचारलं, त्या दिवशीच्या जेवणाची व्यवस्था कोणाकडं होती? “प्रधानांकडं,” म्हणाले. “जाऊ दे. पोर होतं ते तेव्हा.”

२४ फेब्रुवारी
सुलभाला घेऊन प्रधानांच्या बंगल्यावर गेले. यांना सांगितलं नाही. त्यांनी कुंडीतले गुलाब दाखवले, सरबत दिलं. मी घेतलं नाही. (उपास आहे म्हटलं. नव्हता. रामा, माफ कर.)

मी म्हटलं, यादीत एक माणूस गाळलात.
“गाळला नाही, वहिनी. नियमात बसत नाही. नवा राजदूत गेला की तिकडच्या राष्ट्राध्यक्षांच्या हातात परिचयपत्र द्यावं लागतं. ते दिलं की तो राजदूत. त्या वेळी तिकडं सरकार पडलेलं. पत्र घ्यायलाच कोणी नव्हतं. राघवाचारींचं पत्र ट्रंकेतच राहिलं. म्हणजे ते राजदूत झालेच नाहीत.”

“सात महिने बंगल्यावर कोण राहत होतं मग?”
“राहत होते. पण कागदोपत्री नाही.”

मी म्हटलं, नवी सून घरात आली, स्वयंपाक करू लागली, सासूचे पाय चेपू लागली, आणि माप ओलांडायचं तेवढं राहून गेलं, तर तुम्ही म्हणणार घरात सून नाहीच? सुलभा माझा पदर ओढत होती. प्रधान म्हणाले, “तुम्ही भावनेनं बोलता.”

भावनेनं! मी जुनी मॅट्रिक आहे. तारखेनं बोलत होते.

हेही विचारलं, त्या जेवणाचं दिल्लीला कोणी कळवलं? सरबताचा पेला खाली ठेवला त्यांनी. “फार जुनी गोष्ट आहे.” बस, एवढंच. त्यांनीच कळवलं असं मी लिहीत नाही. पाहिलं नाही ते लिहायचं नाही. पण चेहरा पाहिला.

येताना सुलभा रिक्षात : “आई, तू ना एखाद्या दिवशी कोर्टात नेशील आम्हाला.”

घरी आल्यावर यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, “ते खरंच झेंडा लावत नसत गाडीला. पत्र दिलं नाही तोवर नाही म्हणायचे. नियमाचे पक्के.” आणि डोळे पुसले. डाव्या हातानं.

१२ मार्च
प्रधानांनी माणसाकरवी कागद पाठवलाय. पुस्तक इंग्रजीत निघणार, दिल्लीला आणि तिकडं जाणार. त्यात यांचा अख्खा फोटो, अख्खं पान, खाली पूर्ण नाव. अट एकच, यांनी कागदावर सही द्यायची की ‘पुस्तकातील मजकूर व यादी माझ्या माहितीप्रमाणे बरोबर आहे’.

म्हणजे हा सौदा.

सुलभाचा फोन : “बाबांनी सही करावी. आयुष्यभर दुसऱ्यांची पानं वाढली, एक पान त्यांना मिळू दे की! राघवाचारी आता कुठं बघायला येणारेत?” तिचंही चुकतं असं नाही. मलाही ते पान हवंय. खोटं कशाला लिहू. नातवंडांना दाखवायला हवंय.

अवि अंबडच्या कंपनीतून परस्पर आला. त्याला सगळं सांगावंच लागलं. ऐकून गॅलरीत जाऊन उभा राहिला. चहा निवला त्याचा.

हे काहीच बोलत नाहीत. कागद पोथीखाली ठेवलाय. यांचा राग येतो. हो म्हणा, नाही म्हणा, पण म्हणा!

२ एप्रिल
रामनवमी. काळारामाला गर्दी. राघवाचारींच्या नावानं अभिषेक सांगायला गेले. गुरुजी : गोत्र? माहीत नाही. हयात आहेत का? माहीत नाही. “मग संकल्प कसा सोडायचा, आजी?” अडूनच बसले. प्रधानांचेच भाऊ शोभले असते! म्हटलं, गोत्र आमचं घाला आणि माणूस हयात आहे असं धरा. देवाला पत्ता ठाऊक आहे.

सुंठवडा आणला. यांनी खाल्ला.

९ एप्रिल
हे रोज दुपारी डाव्या हातानं लिहायला बसतात. जुन्या कॅलेंडरची पानं पालथी करून. मी जवळ गेले की हात आडवा धरतात, शाळेतल्यासारखा. सहीच गिरवत असणार. उजवा हात गेल्यापासून अंगठा देतात, तो प्रधानांना चालणार नाही म्हणून. म्हणजे करणार सही. ठीक. माझ्या मनात काय होतं ते मीच आता सांगू शकत नाही. दिवसभर भांडी आदळली.

१९ एप्रिल
प्रधान कागद न्यायला स्वतः आले. सोबत पेनही आणलेलं, भारीतलं. सहीसाठी खाली एकच ओळ.

हे पाटावर कागद घेऊन बसले. पंधरा-वीस मिनिटं लागली. प्रधान दोनदा घड्याळ बघून झाले. मी देवघराच्या दारात उभी.

लिहून झालं तसं प्रधानांनी कागद उचलला. बघतच राहिले. मग मला दिसेल असा धरला. त्या ओळीवर वाकड्यातिकड्या अक्षरांत : ‘चौथे राजदूत राघवाचारी साहेब’. ओळ तिथं संपली होती.

“दत्तू, ही सही नाही.”
“नाही साहेब.”
“अरे, तुझं नाव लिही. तुझं पान जाईल यानं.”
“साहेब, डाव्या हातानं एवढंच शिकलो.”

प्रधानांनी कागद फाडला नाही. घडी करून खिशात ठेवला. जिन्यावरून उतरताना मागं वळून म्हणाले, “बघतो.” काय बघणार ते बोलले नाहीत.

मी यांना म्हटलं, मला आधी सांगितलं असतंत तर दहा दिवस भांडी तरी आदळली नसती. हे म्हणाले, “भांड्यांवरनंच कळत होतं, तू माझ्या बाजूची आहेस.”

६ मे
प्रधानांचा निरोप नाही. इंग्रजी पुस्तक छापायला गेलं असं कळलं. यादीत सात की आठ, कोणाला माहीत नाही. यांचं पान आहे की नाही, तेही. मी दिल्लीला रजिस्टर पत्र टाकलंय, तारखांसकट. पोचपावती आली, सही कोणाची ते वाचता येत नाही.

अवि आज रविवार म्हणून आपल्या धाकट्या पोराला घेऊन आला. वर्षानुवर्षं बापाशी पगार-पाणी याखेरीज बोलत नाही, तो आज यांच्यासमोर खाली बसला.
“बाबा, ते साहेब दिसायला कसे होते?”

हे उठून सरळ झाले. “उंच होते. भात मऊ लागायचा. गाणं म्हणत, पण वाईट. आणि तुला सांगतो अवि, त्या दिवशी विमानतळावर…”

मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. गॅस बारीक केला.