भागवतची भाकर

बुलढाणा, ११ फेब्रुवारी २०२५

ती. दादास, पुष्पांजलीचा नमस्कार.

आज अकरा वाजता आपल्या भागवतला घेऊन दिव्यांगांच्या निवासी कार्यशाळेत पोचले. खोली मिळाली. तो नीट जेवला. आईची शाल त्याने स्वतः घडी करून कपाटात ठेवली.

तू भरलेल्या अर्जात 'कागदी पिशव्यांचे काम द्यावे, विस्तवाजवळ जाऊ देऊ नये' असं होतं. तिथल्या अनुपमाताईंनी अर्ज बाजूला ठेवून त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "पिशव्या नाई. मले भाकर कराची हाय."

मी म्हटलं, "पोळशीन ना रे."

"तूच पोळशीन. तुले थापता येत नाई."

सगळे हसले. मग त्याने पीठ मळलं. पहिली भाकर फाटली, दुसरी टम्म फुगली.

दादा, आईचे हात थरथरू लागले तेव्हापासून तुझ्या डब्यातली भाकर तोच थापायचा. तू त्याला चुलीपासून उठवशील म्हणून आईने कुणाला बोलू दिलं नाही. आईच्या तेराव्याला 'तिच्या हातची भाकर आता नाही' म्हणून तू रडलास, ती भाकर त्याच्या हातची होती. वहिनींना माहीत होतं; त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांचा गुडघा कसा आहे?

चटका बसेल, हे मलाही कळतं. आपल्याला बसले नाहीत का? तो चौतीस वर्षांचा आहे. तुझी ओळ मी खोडली आणि खाली भागवतने सही केली. बदलायला येऊ नकोस, भेटायला ये.

निघताना त्याने एक भाकर कागदात बांधून दिली. लॉजवर आले आहे. आता ती तेल-तिखटाशी खायला बसते.

तुझी,
पुष्पांजली