जावईबापूंचं झाड

रविवार, ता. ११ मार्च १९३४

गौरा आली. होटगीला गाडी बदलताना हमालाच्या हातून कुंडी पडता पडता वाचली म्हणे, तेव्हापासून ती कुंडी मांडीवरच घेऊन बसली होती. हिवतापानं अर्धी झालेली माझी लेक, आणि मांडीवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेली मातीची कुंडी! मी तिला जवळ घ्यायला हात पुढे केले तर म्हणते, आई, आधी याला सावलीत ठेव.

जावईबापू शिरसीला जंगलखात्यात. त्यांचा साहेब विलायतेला गेला, त्यानं जाताना हे झाड त्यांना दिलं. ते सदा फिरतीवर, म्हणून गौराबरोबर इकडे पाठवलं आहे. यंदा धोंड्याचा महिना आहे. वाणाला येतील तेव्हा दोघांना परत नेतील— तिला आणि झाडाला.

पानं केवढी मोठी! हृदयाच्या आकाराची, गर्द, तुकतुकीत. नऊ आहेत. त्यांनी मोजून दिलीत, असं गौरा म्हणाली.

तिकडे बारा महिने ओल. आणि इथं? आत्ताच दुपारी अंगणात पाय ठेववत नाही. झाडाला काही झालं तर बोल तिला लागणार. आधीच पोरीचं बाळ गेलेलं. दिवाळीनंतर, तीन महिन्यांचं. त्यात आणखी हे नको.

१२ मार्च

उत्तरेच्या खिडकीपासून दोन हात आत ठेवलं. उजेड आहे, ऊन नाही. पश्चिमेच्या दाराला वाळ्याचा पडदा लावायला सांगितला. हे म्हणाले, माझ्या वकिलीच्या कचेरीत इतकी वर्षं पडदा मागतोय तो नाही मिळाला. पण सांगितलं गड्याला, मकदूमला, आणायला.

१३ मार्च

नाव फिलोडेंड्रॉन. गौरानं सांगितलं आणि मला एकदम बेळगावचं कॉन्व्हेंट आठवलं. सिस्टर बर्नादेतच्या व्हरांड्यात असंच एक होतं. नेचे, बेगोनिया, आणि खांबाला धरून वर गेलेलं हे. सिस्टर सांगायची, नाव ग्रीक आहे— झाडावर जीव लावणारं. जंगलात मोठ्या झाडाच्या खोडाला मिठी मारून वर चढतं म्हणून.

शनिवारी पानं पुसायची पाळी असायची. ओल्या फडक्यानं, अलगद, खालून तळवा देऊन. आम्ही मुली त्या पाळीसाठी भांडायचो. मी एकदा नुसतं वरून पुसलं तर सिस्टर म्हणाली, आणि पाठ कोण पुसणार? देवाला पाठसुद्धा दिसते. त्या वेळी हसू आलं होतं. आज पानांची पाठ पुसताना डोळे भरून आले. त्या व्हरांड्याला सकाळी भिजलेल्या विटांचा वास यायचा. आता कुठली सिस्टर, आणि कुठली मी.

शुक्रवार, १६ मार्च. पाडवा

अक्कलकोटहून यांच्या थोरल्या बहीण आल्या, बसव्वाक्का. आता उन्हाळाभर इथंच. आल्या त्या कपाळावरचा घाम पुसायच्या आत घरभर फिरल्या. खिडकीशी थांबून म्हणतात,

"घरात अळू लावलंस व्हय गं?"

मी सांगितलं, अळू नाही अक्का, परदेशातलं शोभेचं झाड आहे. तर म्हणे अळूच की हे, तुमी इंग्रजी नाव दिलं म्हनून काय झालं. फूल न्हाय, फळ न्हाय, देवाला न्हाय, मानसाला न्हाय— आन् पडदा मात्र वाळ्याचा!

गौरा हसली नाही. पूर्वी अक्कांच्या बोलण्यावर किती हसायची.

२१ मार्च

खालचं एक पान पिवळं पडलं!

२२ मार्च

रात्रभर तेच डोक्यात. पाणी जास्त झालं की कमी? बोट खुपसून पाहिलं. वर कोरडं, आत चिखल. आणि कुंडीच्या कडेला पांढरी खपली धरलेली. आपल्या आडाचं पाणी खारं, तेच घालत होते. चूक माझीच. आता नळाचं पाणी रांजणात एक दिवस मुरवून मग घालणार, तेही माती वरून सुकली तरच. यांना सांगून कोळशाची भुकटी, वाळू आणि कुजलेला पाला आणवला. माती मोकळी केली. मुळं पांढरी आहेत, सडलेली नाहीत. देव पावला.

गौरा पिवळ्या पानाकडे बघत किती वेळ उभी होती. तोंड न धुताच आधी पानं मोजायला येते, रोज. किती जीव आहे पोरीचा त्या झाडावर! जावईबापूंनी तिचं मन रमावं म्हणूनच दिलं असणार.

२८ मार्च

गौरा जेवत नाही. पेज, मुगाचं वरण, ज्वारीची ऊन भाकरी दुधात कुस्करून— सगळं दोन घासांत पुरे. म्हणते तोंड कडू आहे. तापावरच्या कोयनेलनं असेल.

झाडाला काठी दिली. नारळाचा काथ्या गुंडाळून, रोज भिजवायची. खोडाला आलेली हवेतली मुळं काथ्यात शिरतील म्हणजे आधार मिळेल.

सोमवार, २ एप्रिल

काल ईस्टर होता. आणि आज— नवं पान! शेंड्याला लालसर टोपण होतं, त्यातून गुंडाळी बाहेर येते आहे. पोपटी, ओली, तान्ह्या बाळाच्या मुठीसारखी.

हे लिहिलं आणि वाटलं, गौरासमोर असं बोलून जाऊ नये.

तिला हाक मारून दाखवलं. वाटलं होतं खूश होईल. तिनं पाहिलं, म्हणाली, "आता नऊ सांभाळायची, आई." आणि आत जाऊन पडली.

९ एप्रिल

फार उकाडा. पानांची टोकं करपताहेत. दिवसातून तीनदा ओलं फडकं फिरवते. दोन पानांच्या बेचक्यात पिठासारखी पांढरी कीड दिसली. रिठ्याच्या पाण्यात बोळा बुडवून एकेक टिपली. गौराला सांगितलं नाही.

अक्का बघत होत्या. म्हणाल्या, लेकीच्या डोक्यातल्या उवा कधी काढल्या न्हाईस एवढ्या मन लावून.

१७ एप्रिल

जावईबापूंचं कार्ड आलं. दोन मेला वाणाला येतात. झाड कसं आहे, पानं किती, असं विचारलं आहे. गौराच्या तब्येतीचं घाईत राहिलं असेल.

काल पान पुरतं उलगडलं. पिवळं गेलं, हे आलं— पुन्हा नऊ. हिशेब जुळला. पंधरा दिवस फक्त. तेवढं पार पडू दे.

शनिवार, २१ एप्रिल

आज गौरानं तोंडानं काहीतरी मागितलं! म्हणाली, आई, अळूचं फदफदं खावंसं वाटतं. चिंच-गूळ घालून. मला इतका आनंद झाला! लगेच मकदूमला मंडईत पाठवला. हात हलवत आला. या दिवसांत अळू कुठलं? विहिरी आटल्या. पावसाळ्यात ये म्हणाले भाजीवाले.

उद्या यांच्या अशिलाकडे वैरागला लग्न आहे. जावंच लागेल. अक्का आहेत गौराजवळ.

२२ एप्रिल

घडलं तसं लिहिते.

वैरागहून उन्हं कलता आलो. घरात चिंचेचा वास. मी आधी खिडकीशी गेले— आणि नुसते देठ! मोठी पाच पानं विळीनं कापलेली. वरची चार कोवळी तेवढी उभी.

स्वयंपाकघरात गेले तर अक्का भिंतीला टेकून बसलेल्या, तोंडात ताक धरलेलं, ओठ सुजून हे एवढे. चुलीशेजारी पातेलं भरून फदफदं. हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, सगळं साग्रसंगीत. मकदूमनं सांगितलं ते असं— मंडईत मिळालं न्हाय तर काय झालं, घरात हाय की, असं म्हणून अक्कांनीच पानं कापली. आणि पोरीला द्यायच्या आधी खवखवतंय का बघायला स्वतः पळीभर चाखलं. अळू घशाला लागतं म्हणून आपल्याकडे आधी करणारीनं चाखायचं असतं ना, तसं. त्यामुळे गौरा वाचली. तिला औषधानं झोप लागली होती, तिनं एक घासही घेतला नाही.

डॉक्टर येऊन गेले. लोणी, थंड दूध, बोलायचं नाही. हे म्हणाले, अक्का बोलत नाही असा दिवस माझ्या उभ्या आयुष्यात आला नव्हता. अक्कांनी डोळे वटारले, पण डोळ्यांत पाणी होतं. त्यांना काय बोलणार? पोरीनं तोंडानं मागितलं, एवढंच त्यांना दिसलं.

कुंडीपुढे मी पडदा सारून ठेवला आहे. दहा दिवसांत पाच पानं कुठून आणू?

२३ एप्रिल

सकाळी गौरा उठली ती सरळ खिडकीकडे. मी मध्ये गेले, हात धरला, म्हटलं, ऐक, अक्कांच्या हातून चूक झाली आहे. तिनं पडदा सारला.

देठ पाहिले. मग हसायला लागली. खाली बसून, भिंतीला डोकं टेकून, पोट धरून. फदफदं, आई? त्यांच्या झाडाचं फदफदं? मीही हसायला लागले, किती महिन्यांनी तिचं हसू ऐकलं म्हणून. आणि मग कळलं की ती कधीची रडते आहे.

मी जवळ बसले. पाठीवरून हात फिरवत राहिले. मग सांगू लागली. बाळ गेल्यावर महिन्याभरानं जावईबापूंनी ही कुंडी आणून तिच्यापुढे ठेवली.

"म्हणाले, हे तरी जगवून दाखव."

फिरतीवरून आले की आधी पानं मोजायचे. एखादं पिवळं पडलं तर चार-चार दिवस तिच्याशी बोलायचे नाहीत. मारलं नाही कधी, आवाजसुद्धा चढवला नाही, असं दोनदा म्हणाली. तापात कापत उठून पाणी घालत होती. आणि बाळाला काय झालं होतं? तिकडचा हिवतापच, डॉक्टरनंच सांगितलेलं. तिचा काय दोष?

चाळीस दिवस मी उठून आधी झाडाकडे जात होते. पोरीकडे नंतर. तिची भीती मला माया वाटली.

२४ एप्रिल

यांना सांगितलं. ऐकून घेतलं, चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, नवऱ्यानं नांदायला नेण्याचा दावा लावला तर कायदा त्याच्या बाजूला आहे. नवऱ्यांचा वकील म्हणून मी अशा किती बायकांना कोर्टातून परत पाठवलं आहे, तुला ठाऊक नाही. रात्री ताटावरून उठून गेले, जेवलेही नाहीत.

मला सगळ्याचीच भीती वाटते. कोर्टाची, शिरसीच्या विहीणबाईंची, सात रस्त्याच्या चौकात भेटणाऱ्या प्रत्येकाची. परत पाठवली तर? त्याची सगळ्यात जास्त.

२६ एप्रिल

अक्कांचा आवाज परत आला. पहिलं वाक्य यांनाच—

"पोरगी काय कुंडी हाय व्हय रे, मोजून दिली नि मोजून घेतली?"

हे उठून कचेरीत गेले. दार लावून घेतलं.

गौरा आज पूर्ण भाकरी जेवली. तोंड धुऊन मग बाहेर आली. खिडकीकडे गेलीच नाही.

मंगळवार, १ मे

धोंड्यांसाठी पुरण शिजवलं. चांदीचं निरांजन घासलं. उद्या जावईबापू येतात. वाण रीतीप्रमाणे व्हायचं, त्यात कमी नको, असं हे म्हणाले.

झाडाला पाणी घातलं. त्याचा काय अपराध? शेंड्याला पुन्हा लाल टोपण आलं आहे. पाच पानं कापली तरी.

गौरानं विचारलं, आई, माझी पेटी भरायची का? मी म्हटलं, उद्या बघू. उद्या बघू— एवढंच सुचलं मला! जन्मभर जावयापुढे मान वर केली नाही. जीभ उचलेल का?

गुरुवार, ३ मे

जावईबापू पहाटेच्या गाडीनं गेले.

काल त्यांनी वाणाच्या ताटाआधी कुंडी पाहिली. पानं मोजली, आणि गौराकडे वळले. तेव्हा मी म्हटलं, "तुमचं झाड जगलंय, घेऊन जा. गौराचं जगणं अजून व्हायचंय. ती इथंच राहील." जीभ उचलली माझी. हे उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

कुंडी मकदूमनं टांग्यात नीट ठेवून दिली.

गौरा अजून निजली आहे. उठवली नाही.