शीर्षासनातलं केळं

सोमवार, ३ जुलै
आजपासून शिस्त. मोठ्या बाईंनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, दहावीची मुलं विज्ञानाला नव्या मॅडम मागताहेत. शुक्रवारी त्या स्वतः माझ्या तासाला बसणार, मॅडमनाही बसवणार आणि मग दहावी कुणाकडे ते ठरवणार. वीस वर्षं दहावी माझी आहे! मुलं मला 'झोपेची गोळी' म्हणतात, हेही त्यांनी सांगितलं. कौतुकच आहे. मन शांत झाल्याशिवाय झोप येत नाही.
धडा पचनसंस्थेचा. माझा हातखंडा.
संकल्प: चहा बंद. रात्रीचं जेवण लवकर. प्रत्येक घास नीट चावून. ज्याला स्वतःला पचत नाही तो काय शिकवणार?

मंगळवार, ४ जुलै
चहा घेतला. स्टाफरूममध्ये नको म्हणणं उद्धटपणाचं दिसतं.
छातीत जळजळ. येताना डॉक्टरांकडे डोकावलो. म्हणाले, अन्ननलिका जठराला मिळते तिथली तुमची झडप सैल झाली आहे, म्हणून जठरातलं आम्ल वर येतं. खाल्ल्यावर वाकू नका, आडवे होऊ नका. मी म्हटलं, ही झडप मी वीस वर्षं फळ्यावर काढतोय. ते म्हणाले, फळ्यावरची घट्ट असेल.
माणूस चांगला. वाचन कमी.

बुधवार, ५ जुलै
रंगीत तालीम. लहान आतडं किती लांब असतं ते दाखवायला घरची कपडे वाळत घालायची दोरी नेली. पचलेलं अन्न रक्तात शोषलं जातं ते मुख्यतः इथेच, हे लिहायला फळ्याकडे वळलो आणि मधली सुट्टी झाली. डबा खाऊन परतलो तर मुली लहान आतड्यावर उड्या मारत होत्या. शिक्षणात सहभाग महत्त्वाचा.
घरी ओले कपडे बादलीत. बायकोने विचारलं, अहो, आतडं आणलंत का परत? विसरलो होतो.

बुधवार, संध्याकाळ
सापडलं! घास पोटात जातो तो वरून खाली पडतो म्हणून नव्हे. अन्ननलिकेचे स्नायू लाटेसारखे आवळत त्याला पुढे ढकलतात. म्हणजे माणूस उलटा असला तरी घास जठरातच जाणार. ही सांगायची गोष्टच नव्हे, करून दाखवायची. शीर्षासन करून केळं खायचं, मोठ्या बाईंच्या देखत. नव्या मॅडमकडे काय आहे? रंगीत खडू.

गुरुवार, ६ जुलै
शीर्षासन मला सहज यायचं. कॉलेजात. आज बायकोने पाय धरून भिंतीला टेकवले. पाणी पिऊन पाहिलं, नाकात गेलं. केळं नाकात जाणार नाही, तेवढं ते मोठं असतं.
बायको खाली वाकून माझ्या उलट्या तोंडाकडे बघत म्हणाली, दहावी गेली तर जाऊ दे हो, तुम्ही जपा. मी म्हटलं, प्रश्न दहावीचा नाही, विज्ञानाचा आहे. मग डोळ्यांत पाणी का, म्हणाली. उलटं झाल्यावर येतंच.
संकल्प: उद्या उपाशीपोटी जायचं.

शुक्रवार, ७ जुलै, सकाळ
उपाशीपोटी तोल जातो. हलकंसं काहीतरी घेतलं: टोस्ट, अंडी, कालची उरलेली भाजी. चहा, औषधापुरता.

शुक्रवार, संध्याकाळ
उत्तम यश. एक किरकोळ अडचण वगळता.
शिपायाने पाय धरले. मुलं आधी उभी राहिली, मग बाकांवर चढली. झोपलेलं कुणीच नव्हतं. मी घास चावला, गिळला. तो वर, म्हणजे खाली, म्हणजे जठराकडे निघालेला मला स्पष्ट जाणवला. टाळ्यांचा कडकडाट. विज्ञान जिंकलं होतं. तिथेच उतरायला हवं होतं. पण मागून कुणीतरी ओरडलं, सर, अजून एक!
वीस वर्षांत मला 'अजून' असं कुणी म्हटलं नव्हतं.
दुसरा घास आत गेला आणि पहिला परतला. सोबत टोस्ट, अंडी, भाजी, चहा. मोठ्या बाईंच्या चपलांचं वाईट वाटतं.
नव्या मॅडमनी मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि मुलं पांगायच्या आत विचारलं, घास आत कशामुळे गेला? मुलं एका सुरात ओरडली, स्नायूंच्या लाटांमुळे! मग बाहेर का आला? मीच खुर्चीतून पुटपुटलो, झडप सैल आहे. बरोब्बर, म्हणाल्या. मग त्यांनी ती झडप फळ्यावर काढली. रंगीत खडूने.
चित्र ठीक होतं.

सोमवार, १० जुलै
दहावी नव्या मॅडमकडे. मला सहावी. पाया भक्कम करायला अनुभवी माणूस लागतो. मोठ्या बाई असं म्हणाल्या नाहीत, पण अर्थ तोच.
बायकोला हे समजावून सांगितलं. ती नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली. पाठीला काहीच झालेलं नाही.

गुरुवार, १३ जुलै
मधल्या सुट्टीत दहावीची मुलं स्टाफरूमच्या दारात! सर, पुढचा धडा तुम्ही घेणार आहात का? वाटलंच होतं मला. खडूत काय असतं, शेवटी मुलांना माणूस कळतो. म्हटलं, मॅडमचं मन मोडायला नको, पण बघतो, धडा कुठला?
उत्सर्जनसंस्था, मुलं म्हणाली.
आणि मागची एक मुलगी अगदी काकुळतीला येऊन म्हणाली, सर, म्हणूनच आलोय. प्लीज, नका ना घेऊ.