शिट्टीची तबकडी

माय, आज सकाळी दुकानात आपली शिट्टी वाजली. कलकत्त्याच्या या दुकानात मी ग्रामोफोन दुरुस्त करतो. तू गेल्यावर नागपूर, इटारसी, जबलपूर असं कुठंच न टिकता इथवर आलो, आणि इथं मात्र वर्ष झालं तरी आहे. तुला खोटं वाटेल. तर आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं कपाटातून एक तबकडी काढली, सुई ठेवली, आणि तो साहेब बोलला. तोच घसा बसलेला आवाज, इंग्रजीत दोन शब्द, मग कानात काडी घातल्यासारखी बारीक शिट्टी. पुन्हा दोन शब्द, मग जरा जाड शिट्टी. असं उतरत उतरत शेवटी भुंग्यासारखं गुं. मी हातातला पेचकस खाली ठेवला.

आपण बौद्ध झालो त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. देवळीतले देव गेले होते, आणि त्या रिकाम्या जागी चावीचा बाजा ठेवायचा असं तू ठरवलं होतंस. अकोल्याच्या जिनात दिवसभर सरकीतून कापूस निघताना पाहायचीस, केसात, भुवयांत कापूस घेऊन घरी यायचीस, आणि भाकरी थापता थापता बाजाचं बोलायचीस. मग अमरावतीला मामाकडे गेलो तेव्हा बाजारात एकाजवळ साहेबाच्या बंगल्यातलं सामान दिसलं. त्यात बाजा होता, आणि त्याच्यासोबत एकच तबकडी. ती तू माझ्यापुढे धरलीस. "वाच बरं, काय लिवलं हाये?" तिसरीतून पळालेला मी, पण घरात अक्षर येणारा मी एकटाच. मी तबकडीच्या मधल्या गोल कागदावर बोट फिरवलं. "बाईचं गाणं हाये." तू पुन्हा विचारलं नाहीस. मोटारीत अकोल्यापर्यंत बाजा मांडीवर घेऊन बसलीस, मला हातसुद्धा लावू दिला नाहीस.

दुसऱ्या दिवशी सांजच्याला सारी गल्ली आपल्या अंगणात. तूच घरोघरी सांगून आली होतीस, बाईचं गाणं आहे म्हणून. तू धुतलेलं लुगडं नेसली आहेस, मी चावी भरतो आहे, कोपऱ्यावरची मावशी सगळ्यात पुढं पाय पसरून बसली आहे. साहेब बोलला, शिट्टी वाजली. लोक थांबले. पुन्हा साहेब, पुन्हा शिट्टी.

"काहून वं, तुयी बाई शिट्ट्या मारून राहिली काय?" मावशी म्हणाली.

"मालगाडी आली वाटते टेसनात," मागून कोणीतरी बोललं, आणि अंगण हसलं.

मी मान खाली घातली. तुझं तोंड पाहायची माझी हिंमत नव्हती. तुझा आवाज तेवढा ऐकू आला, जिनात मुकादमाशी बोलायचीस तसला, ठाम.

"हसता काहून? हे गाणं नोय. हे बाजा तपासाची रेकाट हाये. आमच्या जिनात कापूस टाकाच्या आंदी मशीन रिकामी फिरवतेत, आवाजावरून समजते बरोबर हाये का नाई. तसंच हे. चुपचाप आयका. गाणं उद्या."

आणि लोकांनी खरंच ऐकलं. मावशीनं तर शेवटच्या गुंला मान हलवली. "खालचा आवाज चांगला हाये वं तुया बाजाचा." दुसऱ्या दिवशी तू हॉटेलवाल्याकडून गाण्याची तबकडी मागून आणलीस, पण आधी शिट्टी वाजवलीस, मगच गाणं. पुढं तोच रिवाज पडला. हॉटेलातला बाजा सरळ गाणं म्हणू लागला की मावशी आत डोकावून विचारायची, "तपासला काय रे?"

त्या पहिल्या दिवशी लोक गेल्यावर तू चुलीपाशी बसून एवढंच म्हणालीस, "बाईचं गाणं होतं नं रे?" मी म्हणालो, "विकणाऱ्यानं कागद चुकीचा चिकटवला." तू भाकरी उलटलीस. मग म्हणालीस, "उद्या शाळेत जातं का?" मी गेलो नाही.

आज मिस्त्रीला विचारलं, ही कसली तबकडी. तो म्हणाला, "ये गाने की नहीं, मशीन जाँचने की है। कौन-सा सुर खाती है, पता चल जाता है।" मी इतका हसलो की त्याला वाटलं डोकं फिरलं माझं. अगं, तू गल्लीपुढं वेळ मारून नेलीस असंच मी इतकी वर्षं समजत होतो. तू तर खरं बोलली होतीस. खोटं मी बोललो होतो.

तू होतीस तेव्हा हे लिहिलं असतं तर तू मावशीच्या पोराकडून वाचून घेतलं असतंस, आणि गल्लीभर झालं असतं. आता हे पत्र सुयांच्या डबीखाली राहील. माय, तबकडीवरचा कागद चुकीचा नव्हता. त्यावर सगळं इंग्रजीत होतं, त्यातलं एकही अक्षर मला लागलं नव्हतं. कागद गुलाबी होता, म्हणून बाई म्हणालो. आजही तसला कागद मला वाचता येत नाही. मी सुई ठेवतो आणि ऐकतो.